शिकाऊ गाडीचा उस्ताद

झुबेरच्या यार्डात मी गेले होते ते डबे आणायला. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं पोळी-भाजीचं किचन आहे, आणि झुबेरचं भंगाराचं यार्ड आमच्या मागच्याच गल्लीत. त्याची माणसं दुपारी आमचं जेवण चाटूनपुसून खातात, पण रिकामे डबे परत करायचे म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. त्या दिवशी मी डबे गोळा करत होते आणि माझा नवरा विजयकुमार एका गंजलेल्या मोटरसायकलीभोवती फेऱ्या मारत होता. तो असा फेऱ्या मारायला लागला की ती वस्तू घरी येते, हा माझा अनुभव आहे.

गाडी छोटीशी, सव्वाशे सीसीची. पडल्यावर पाय वाचावा म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे गार्ड. टाकीला पोचा, हँडल वाकडं, सायलेन्सरला भोक.

"ड्रायव्हिंग स्कूल की गाडी है, मॅडम," झुबेर म्हणाला. "स्कूल बंद हो गया, उधर का माल है. सीखने के लिए इससे अच्छा नहीं मिलेगा."

"साडेसातशे दिरहम," विजय म्हणाला आणि लगेच मोठ्याने, "म्हणजे सतरा हजार रुपये. अगं, पुण्यात एवढ्यात धड सायकल येत नाही."

मी अडवलं नाही, कारण गाडी हौसेसाठी नव्हती. विजयचा धाकटा भाऊ सुजीत दुबईत एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. कंपनीने गाशा गुंडाळला, व्हिसा कॅन्सल झाला, आणि नवा मिळेपर्यंत देशात राहायची जी मुदत असते ती संपत आली होती. एक डिलिव्हरी कंपनी त्याला व्हिसासकट घ्यायला तयार होती, पण त्यांना मोटरसायकलचं लायसन्स हवं होतं. सुजीत टेस्टला दोनदा नापास झालेला. आकडेमोडीत वाघ, पण दोन चाकांवर बसला की बिचाऱ्याचा पाय आधी जमिनीवर. टेस्टमध्ये पाय टेकला की खलास. आता चुकला असता तर सरळ विमानात बसायचं होतं, आणि तिकडे साताऱ्याला त्याची बायको मुग्धा सातव्या महिन्याचं पोट घेऊन रोज फोनवर विचारायची, "झालं का हो?" तो म्हणायचा, "होतंय, होतंय."

जादा क्लास परवडण्यासारखे नव्हते. आमच्या किचनमागे चारी बाजूंनी भिंत असलेलं फरसबंद अंगण आहे. रस्त्यावर जायला नको, पोलिसांची भानगड नको. तिथेच सराव करायचा, असा विजयचा बेत ठरला.

मग दोघे भाऊ गाडीला लागले. कार्बोरेटर उघडून त्यांनी तो माझ्या पातेल्यात पेट्रोल घालून धुतला. ते पातेलं मी अजून वापरात घेतलेलं नाही. क्लचची केबल नवी घातली, ब्रेकचे लायनर दुसऱ्या भंगार गाडीचे काढून बसवले, हँडल बदललं. सायलेन्सरच्या भोकावर सूर्यफूल तेलाच्या डब्याचा पत्रा कापून क्लॅम्पने आवळला. बॅटरीला पैसे घालायचे नाहीत, किकवर चालू होते ना, मग झालं. विजय एकेकाळी अबू धाबीत इंजिनिअर होता, आता डब्यांचा धंदा सांभाळतो. गाडी खोलताना त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला दिसला. मला बरं वाटलं, हेही सांगते.

सुजीत जरा बुटका, त्याला सीट उंच पडत होती. विजयने सीट काढली आणि आतला फोम ब्रेडच्या सुरीने तासायला घेतला. सीटखाली फ्रेमच्या नळीला तारेने घट्ट बांधलेली एक वस्तू निघाली. हातभर लांब, करंगळीपेक्षा जाड. क्लचच्या जुन्या केबली एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, आणि एका टोकाला मूठ. मूठ हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली होती. नाकाजवळ नेली तर लवंगेचा वास.

"टायर काढायची असेल," विजय म्हणाला.

"चेनचं काहीतरी असेल," सुजीत म्हणाला. दोघांनीही ती हत्यारांच्या पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या सासूबाईंची रीत अशी, की घरात कमावून देणारं प्रत्येक हत्यार धुऊन पाटावर मांडायचं, एकेकाला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, 'ज्याचं जे काम, ते त्याच्या हातून नीट घडो.' मग दिवसभर त्याला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. दुबईहून झेंडू आणला होता. पाटावर लाटणी, झारे, सुऱ्या, पाने, पकडी मांडल्या, समोर गाडी उभी केली. विजयने ती केबलची वस्तूही पाटावर ठेवली. गाडीबरोबर आली म्हणजे गाडीचंच हत्यार, एकाला वगळायचं कसं? मी तिला कुंकू लावलं, विजयने अक्षता वाहिल्या आणि हात जोडून ते वाक्य म्हटलं. लाटण्याचं काम काय, सुरीचं काम काय, हे विचारावं लागत नाही. त्यामुळे त्या एकीचं काम काय, हे आम्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

दसऱ्याला संध्याकाळी सुजीत पहिल्यांदा गाडीवर बसला. तेलाचे रिकामे डबे मांडून विजयने आठचा आकडा आखला होता. मशिदीतली अजान नुकतीच संपली होती, हवा दमट, अंगणातला एकच पिवळा दिवा लागलेला. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. सुजीतने पहिलं वळण घेतलं, दुसऱ्या वळणावर तोल गेला आणि सवयीप्रमाणे डावा पाय टेकला.

सप्!

ओल्या चादरीचा फटका बसावा तसा आवाज झाला. सुजीत ओरडला आणि गाडीसकट आडवा झाला. पँट वर केली तर पोटरीवर बोटभर जाडीचा लाल वळ होता, आणि तो बघता बघता फुगत होता.

"सायलेन्सर लागला असेल," विजय म्हणाला.

"सायलेन्सर उजवीकडे आहे," मी म्हटलं. "वळ डाव्या पायावर आहे."

त्यावर विजयने गाडी उचलून उभी केली. सुजीतने हळद लावून घेतली आणि पुन्हा बसला. मुदत कुणासाठी थांबत नाही.

पुढच्या काही संध्याकाळी हेच चाललं. पाय टेकला की पोटरीवर, मान खाली घालून चाकाकडे पाहिलं की मानेवर, क्लच झटक्यात सोडला की बोटांच्या पेरांवर. आधी तो आवाज, मग वळ. दिसायचं काहीच नाही. फक्त फटका बसायच्या जरा आधी लवंगेचा वास यायचा, कुणी शेजारी उभं राहून तोंडातली लवंग चावतंय असा. सुजीतला आमच्या आधी कळलं होतं. पोळ्या लाटत होते तिथे येऊन तो हळूच म्हणाला, "वहिनी… कुणीतरी शिकवतंय मला."

"म्हणजे?"

"चूक झाली की मारतं. बरोबर केलं की… नाही मारत."

मी लाटणं खाली ठेवलं. त्याच्या मानेवर कॉलरच्या आत वळावर वळ चढले होते, काही काळेनिळे, काही ओले. त्याने शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. एका कर्त्या पुरुषाला शाळेतल्या पोरासारखं मार लपवताना बघून मला रडू आलं आणि संतापही आला.

मी तडक ती केबल पेटीतून काढली आणि झुबेरच्या यार्डात गेले. ती माझ्या हातात बघितल्यावर झुबेरने चहाचा कप बाजूला ठेवला.

"ये किधर से मिला?"

"गाडीत होतं. काय आहे हे?"

मग त्याने जे सांगितलं ते असं. त्या स्कूलमध्ये एक शिकवणारा होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. लवंग चघळत ग्राउंडच्या कडेला उभा राहायचा आणि चुकलं की ह्या केबलने फोडून काढायचा. गरीब पोरं, दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातली. तक्रार करून नोकरी कोण घालवणार? त्याच्या हाताखालची सगळी पास मात्र व्हायची. एक दिवस असंच एका पोराला मारताना ते पोर बिथरलं. ह्याच गाडीवर होतं. त्याने उस्तादला समोरून धडक देऊन भिंतीला दाबलं आणि थ्रॉटल सोडलाच नाही. लोकांनी त्याला ओढून काढेपर्यंत चाक फिरत होतं… छातीवर.

"मरते मरते भी गाली दे रहा था," झुबेर म्हणाला. "बोल रहा था, क्लच… क्लच छोड़ना नहीं आता."

"आणि अशी गाडी तू आम्हाला विकलीस?"

"मॅडम, भंगार है. हर गाडी में कोई ना कोई मरा है."

घरी येऊन मी सगळं सांगितलं आणि बजावलं, आजपासून ही गाडी बंद. विजय खाली बघत होता. मग म्हणाला, "टेस्ट दोन दिवसांवर आहे, शालू."

"अरे, पोराची कातडी सोलून निघालीय!"

"मला दिसत नाही का? पण तू काल बघितलंस ना? आठ काढला त्याने. एकदाही पाय न टेकता. जन्मात जमलं नव्हतं त्याला." आणि मग अगदी हळू, "ते जे काही आहे… ते शिकवतंय गं."

मी सुजीतकडे पाहिलं. वाटलं, आता हा तरी नाही म्हणेल. तो म्हणाला, "वहिनी, दोन दिवस फक्त. मुग्धाला काय सांगू मी?"

दोन्ही भाऊ एकाच माळेचे मणी. मी केबल पेटीत फेकली आणि पेटीवर पाट्याचा दगड ठेवला, जणू त्याने काही होणार होतं.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी हवेत धूळ होती. सूर्य मावळायच्या आधीच अंधारून आलेलं, पिवळ्या दिव्याभोवती वाळूचे कण फिरत होते. सुजीत गाडीवर बसला आणि तेवढ्यातच वास आला. रोज हलका यायचा. त्या दिवशी एवढा उग्र की घसा जळला. पहिला फटका त्याने काही चूक करायच्या आधीच बसला. पाठीवर. मग दुसरा. शर्ट फाटला. तो वळण घेत होता, बरोबर घेत होता, तरी फटके पडत होते, सप्, सप्, सप्, आणि प्रत्येक फटक्याला पाठीवर रक्ताची एक रेघ उमटत होती. उद्या शिष्य हातातून जाणार, हे उस्तादलाही कळलं होतं का, कोण जाणे.

"थांबव! सुजीत, गाडी थांबव!" मी धावले आणि मधे उभी राहिले. माझ्या डाव्या हातावर असा घाव बसला की मनगटातलं हाड कडकन् बोललेलं मी ऐकलं. मी खाली बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण सुजीतचा चेहरा मला दिसला. तो रडत नव्हता, त्याने ओठ दातांखाली धरला होता आणि हनुवटीवरून रक्त वाहत होतं. मला पडलेली बघून त्याच्यातलं काहीतरी तुटलं.

त्याने गाडी फिरवली आणि मागच्या भिंतीवर सोडली. सरळ. पूर्ण वेगात.

गाडी भिंतीवर आदळलीच नाही. भिंतीच्या अलीकडे, हातभर अंतरावर, पुढचं चाक कशात तरी रुतल्यासारखं थांबलं. तिथे काहीही नव्हतं. आणि तरी चाक तिथे दाबत होतं, मागचं चाक जागच्या जागी फिरून फरशीवर धूर काढत होतं, आणि त्या मोकळ्या जागेतून ओलं, दमलेलं, घशात अडकलेलं कण्हणं ऐकू येत होतं. जळक्या रबराच्या वासात लवंगेचा वास मिसळला, आणि त्यात आणखी एक, खाटकाच्या दुकानातला.

"घे!" सुजीत किंचाळत होता. "घे! शिकव आता! शिकव!"

त्याचा हात थ्रॉटलवर पिळलेला, धक्क्याने टाकीला पडलेल्या चिरेतून पेट्रोल गळत होतं आणि खाली इंजिन लालभडक तापलेलं. विजय ओरडत होता, "सोड! भडका उडेल, सुजीत, सोड!" सुजीतला ऐकूच जात नव्हतं. विजय आत पळाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ती केबल होती. पेटीवरचा दगड त्याने कधी सरकवला, मला माहीत नाही.

त्याने पहिला फटका सुजीतच्या मनगटावर मारला. तो मी समजू शकते. थ्रॉटल सुटायला हवा होता. थ्रॉटल सुटला. इंजिन बंद पडलं. कण्हणं थांबलं. अंगणात एकदम शांत झालं.

पण विजय थांबला नाही. दुसरा मारला, तिसरा मारला. सुजीत गाडीवरून खाली पडला, गुडघ्यांत डोकं घालून गोळा झाला, आणि विजय त्याच्या पाठीवर मारत राहिला. प्रत्येक फटक्याबरोबर बोलत होता, "क्लच… आधी… क्लच… किती वेळा… सांगायचं…" माझा शांत नवरा. भावाला लहानपणी खांद्यावर घेऊन शाळेत सोडणारा. मी एका हाताने त्याची कॉलर धरली आणि सगळा जीव एकवटून त्याला मागे ओढलं. तो माझ्याकडे वळला तेव्हा क्षणभर त्याचा हात माझ्यावरही उगारलेला होता. मग त्याने हातातल्या केबलकडे पाहिलं, ती टाकून दिली, आणि सुजीतच्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी, हाताला प्लास्टर घातलेली मी टेस्टिंग ग्राउंडच्या काचेआड बसले होते. सुजीतने बंद गळ्याचा काळा शर्ट घातला होता. त्याने आठ काढला, शंकूंच्या ओळीतून नागमोडी गाडी नेली, अरुंद पट्टीवरून गेला, जागच्या जागी ब्रेक लावला. पाय एकदाही खाली आला नाही. परीक्षकाने त्याला थांबवून विचारलं म्हणे, कुठे शिकलास? सुजीत म्हणाला, "घरी."

तो पास झाला. व्हिसा लागला. विजयने गाडी आणि ती केबल झुबेरच्या भंगार चेपायच्या प्रेसखाली घातली, स्वतः उभं राहून दोन्हींची वडी होताना बघितली, आणि त्या दिवसापासून हातात पाना धरला नाही. अंगण मी गोमूत्राने धुतलं, तिथे तुळस ठेवली. वास पुन्हा आला नाही. फटका ऐकू आला नाही. आम्ही तिघे त्याबद्दल बोलायचं टाळत होतो, आणि टाळता टाळता ते मागे पडलं, असं मला वाटत होतं.

आता वर्ष होऊन गेलं. सुजीत अबू धाबीच्या खलिफा सिटीत डिलिव्हरी करतो. अंगावर ओरखडा नाही, गाडीला पोचा नाही. कंपनीने त्याचा फोटो लावलाय ऑफिसात. मुग्धाला मुलगी झाली, पर्णिका, व्हिडिओ कॉलवर काकूला जीभ दाखवते. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला येतो. मागच्या शुक्रवारी दुपारी आला, जेवला, आणि ताटं उचलायला वाकला तेव्हा त्याचा शर्ट पाठीवरून वर सरकला.

मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून शर्ट काढायला लावला. पाठीवर जागा उरलेली नव्हती. जुने वळ, त्यांवर नवे, आणि काही अगदी आजचे, अजून ओले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थांबलंच नव्हतं, वहिनी," तो सहज म्हणाला. मला त्याचा तो सहजपणाच सहन होईना. "पण हल्ली चुका कमी होतात. रस्त्यावर तर होतच नाहीत. उलट बरंच आहे ना… अजून जिवंत आहे मी."

मी हळद आणि तूप कालवून आणलं. लावता लावता माझ्या लक्षात आलं, वळ दोन प्रकारचे आहेत. काही उजवीकडून खाली उतरलेले, काही डावीकडून. दोन बाजूंना दोघे उभे राहून मारतील, तसे.

"सुजीत… तो एकटाच असतो ना?"

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

"आधी एकटाच असायचा," तो म्हणाला. "आता दोघं असतात. दुसरा जास्त जोरात मारतो." मग आवाज आणखी खाली आणून, "दुसरा मराठीत बोलतो, वहिनी."

मी हळदीची वाटी घेऊन बाहेर आले. विजय सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता, सकाळपासून तो तिथून हलला नव्हता. माझ्या हातातली वाटी बघून तो म्हणाला, "ते तूप-हळद इकडेपण आण गं जरा. आज काडीचं काम केलं नाही, पण उजवा हात खांद्यापासून नुसता भरून आलाय."